कानस आणि पकड

हस्तकौशल्याच्या वर्गात नवखा विद्यार्थी कानस हाती घेतो तेव्हा त्याचे सारे लक्ष कानशीवर असते. तिच्याखालचा तुकडा कसा धरला आहे, इकडे तो क्वचितच पाहतो. वस्तुतः काम बिघडते ते बहुधा तेथेच. तुकडा जितका लहान तितकी त्याची पकड अवघड, आणि याचे बोधप्रद उदाहरण जुन्या चकमकीच्या बंदुकीइतके दुसरीकडे क्वचितच सापडेल.

त्या बंदुकीच्या कुशीस चकमकीचे यंत्र बसविलेले असे. त्यात गारगोटी धरणारा घोडा, त्याच्या आसाशी जोडलेला खाचांचा तुकडा, खाचेत अडकणारी लहानशी अडणी, कमानी व स्क्रू असत. अडणीचे टोक किंवा खाच प्रमाणाबाहेर घासली गेली, तर चाप न ओढताच घोडा सुटून बंदूक उडण्याचे भय. म्हणून कारागीर एक तुकडा शेजारच्याशी लावून पाही, घाशी, पुन्हा लावून पाही. अशा रीतीने बंदूक उत्तम होई खरी. परंतु तिचा तुकडा तिलाच बसे. रणांगणावर एक अडणी मोडली, की दुसऱ्या बंदुकीची अडणी तेथे सहसा चालत नसे, आणि शिपायाच्या हाती केवळ दांडके उरे.

आता पकडीचा विचार करू. शेगड्याच्या जबड्यांना खरखरीत दाते असतात; ते घडलेल्या तुकड्यावर उमटू नयेत म्हणून जबड्यांवर तांब्याचा किंवा शिशाचा पत्रा वाकवून बसवितात. तुकडा जबड्यांबाहेर फार वर राहिला तर तो थरथरतो, कानस किंचाळते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. म्हणून घासावयाची रेघ जबड्यांच्या अगदी जवळ ठेवावी. घट्ट आवळले म्हणजे झाले, असेही नव्हे. पातळ तुकडा आवळल्याने किंचित वाकतो, त्याच स्थितीत आपण तो सपाट करतो आणि शेगडा सैल करताच तो पूर्ववत होऊन सपाटी नाहीशी होते! असा तुकडा लाकडी ठोकळ्यावर ठेवून भोवती बिनडोक्याचे खिळे ठोकावे. खिळ्यांची उंची तुकड्याच्या जाडीहून कमी असावी. बारीक खिळी घासावयाची असल्यास ती हातशेगड्यात धरून लाकडाच्या खोबणीत टेकवितात आणि डाव्या हाताने फिरवीत उजव्या हाताने घासतात. आपले सोनार नाजूक काम लाखेत रुतवून धरतात, तीही याच जातीची युक्ती; ऊब दिली की काम मोकळे.

परंतु या सर्व युक्त्यांत तुकडा स्थिर राहिला तरी कानस कोठे थांबवावी हे डोळ्यानेच ठरते. यावर तोड म्हणजे पोलादी साचा. इष्ट आकाराच्या दोन पट्ट्या करून त्यांना पाणी देऊन कठीण करतात आणि मऊ तुकडा त्यांच्यामध्ये दाबून धरतात. बाहेर आलेला भाग कानस खाते. पट्टीला लागताच ती नुसती घसरते. पकड हीच येथे मापही होते.

साचे, मापके व ठसे यांच्या साह्याने फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ या बंदूककाराने एकसारखे भाग करून दाखविले. 1785 साली अमेरिकेचे तेथील वकील टॉमस जेफरसन यांच्यापुढे पन्नास यंत्रांचे सुटे भाग ठेवण्यात आले. त्यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः कित्येक यंत्रे जुळविली, आणि ती बिनचूक जुळली. अमेरिकेत या कल्पनेचे श्रेय पुष्कळ काळ एली व्हिटनी यांना दिले गेले. त्यांनी 1798 साली दहा हजार बंदुकांचा करार केला होता. पण त्यांच्या कारखान्याच्या उरलेल्या बंदुका पुढे तपासल्या असता त्यांचे भाग एकमेकांत बसत नाहीत असे आढळले. माझ्या मते अधिक मान जॉन हॉल यांचा आहे. हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यात त्यांनी असा नियम घातला, की तुकडा कितीही वेळा धरावा लागला तरी त्याचे टेकण व मापाचा आरंभ एकाच ठरलेल्या बिंदूपासून व्हावा. दर वेळी निराळ्या कडेवरून धरल्यास प्रत्येक पकडीची लहानशी चूक मागच्या चुकीत मिसळते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. 1826-27 च्या तपासणीत त्यांच्या बंदुका उकलून भागांची सरमिसळ करण्यात आली, तरी त्या पुन्हा जुळल्या.

यंत्रे आल्यावर कानस अडगळीत गेली, असे मात्र कोणी समजू नये. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यातील जुन्या तुकड्यांवरचे ओरखडे संशोधकांनी अलीकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांवरून असे दिसते, की एकोणिसाव्या शतकात यंत्राने कापलेल्या भागांवरही अखेरचा हात कानस चालविणाऱ्या कारागिराचाच फिरत असे. मापक लावून तो उरलेला फरक काढी.