प्रक्रिया नियंत्रणाचे शिक्षण आणि आभासी प्रयोगशाळा

गोंदियालगतच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपर लिमिटेडची तांब्याची मोठी खाण आहे. खनिजात तांब्याचा अंश अल्प असल्याने ते दळून फेनप्लवन पद्धतीने समृद्ध केले जाते. या पद्धतीत खनिजाचा रबडा सामान्यतः चुन्याने अल्कधर्मी राखतात. चुना कमी पडल्यास नको असलेले लोहमाक्षिक फेसाबरोबर वर येते. अधिक झाल्यास तांबे वाया जाण्याचा संभव असतो. असे संतुलन अखंड राखणे म्हणजेच प्रक्रिया नियंत्रण होय.

चालू संयंत्रावर चुका करण्याची मुभा विद्यार्थ्यास देता येत नाही, आणि महागडी उपकरणे प्रत्येक तंत्रनिकेतनास परवडत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने २००९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय अभियानातून आभासी प्रयोगशाळांची योजना आकारास आली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तर एक तापक, एक पंखा व तापमापक यांचा छोटा संच विकसित झाला. दूरस्थ विद्यार्थ्याने तो इंटरनेटद्वारे चालवावा, ही त्यामागील कल्पना.

अशा संचावरील पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा. प्रथम नियंत्रक बंद ठेवून तापकाची शक्ती १० टक्क्यांनी वाढवावी. समजा, तापमान ४ अंशांनी वाढून स्थिरावले. म्हणजे दर टक्क्यास ०.४ अंश. एकूण वाढीपैकी ६३ टक्के वाढ होण्यास लागलेला वेळ हा कालस्थिरांक होय. नंतर प्रमाणानुसारी नियंत्रक जोडावा. एक अंश त्रुटीस ५ टक्के शक्ती असे प्रमाण ठेवल्यास गुणाकार २ येतो. आता अपेक्षित तापमान ६ अंशांनी वाढविले, तरी ६ भागिले (१ + २), म्हणजे २ अंशांची त्रुटी उरतेच. प्रमाण वाढविल्यास ती घटते. पण अतिरेक झाल्यास तापमान हेलकावे खाते. समाकलन क्रिया जोडल्यावर मात्र ही उर्वरित त्रुटी नाहीशी होते. शेवटी पंख्याचा वेग बदलून बाह्य व्यत्ययाची परीक्षा घ्यावी.

तथापि, अडकलेली झडप, चुना साचलेला मापक किंवा तुटलेली तार पडद्यावर सहसा दिसत नाही. म्हणून आभासी प्रयोग ही संयंत्रभेटीची पूर्वतयारी समजावी, तिचा पर्याय नव्हे. विद्यार्थ्याने प्रत्येक आलेखाचा अंदाज आधी वहीत लिहावा, मगच प्रयोग करावा. अंदाज व आलेख यांतील अंतर हेच खरे शिक्षण होय.