घरचा आकाशकंदील

भाद्रपद सरतो आणि शरद ऋतूची चाहूल लागते. चार महिने ढगांनी झाकलेले आकाश धुतल्यासारखे निर्मळ दिसू लागते. भाताची शेते पिवळी पडू लागतात. ओढ्याचे गढूळ पाणी निवळते. आश्विन आणि कार्तिक हे या ऋतूचे दोन महिने. दसरा, कोजागरी आणि दिवाळी हे सण याच काळात येतात आणि घरोघर सजावटीची लगबग सुरू होते.

आमच्या लहानपणी ही सजावट विकत आणण्याची चाल खेड्यांत नव्हती. दसऱ्याला आंब्याच्या डहाळ्या, झेंडूची फुले आणि नव्या भाताच्या लोंब्या यांचे तोरण दारावर चढे. अंगण शेणाने सारवून त्यावर आई रांगोळी रेखी. मुले ओल्या मातीचा किल्ला रचीत आणि त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवीत. परंतु या सर्वांत आम्हांला अधिक ओढ असे ती आकाशकंदिलाची.

उंच जागी दिवा लावण्याची ही प्रथा फार जुनी आहे. कार्तिक महिन्यात काशीच्या घाटांवर बांबूच्या उंच काठ्यांना टोपल्या टांगून त्यांत दिवे ठेवतात. त्यांना आकाशदीप म्हणतात. आपल्याकडे दिवाळीत घरापुढे आकाशकंदील लागतो. तो कसा करावा हे मला आजोबांनी शिकविले. त्या वर्षीची हकीकत मी अद्याप विसरलेलो नाही.

मी त्या वेळी सहावीत होतो. आमचे गाव घाटाखाली, डोंगराच्या कुशीत वसलेले. वीज तेथे पोहोचलेली नव्हती. दरवर्षी कंदील करण्याचे काम माझ्या थोरल्या भावाचे असे. पण त्या वर्षी दादा नोकरीसाठी मुंबईस गेला होता. दिवाळीपूर्वी त्याचे पत्र आले. "तीर्थरूप बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार" अशी सुरुवात करून त्याने लिहिले होते, "धनत्रयोदशीच्या रात्री शेवटच्या गाडीने येत आहे. खिंडीपासून चालत येईन. कंदील उंच लावावा, म्हणजे अंधारात वाट चुकणार नाही."

दिवाळी अमावास्येच्या आसपास येते. त्या रात्री चंद्राचा उजेड नसतो. खिंडीपासून घरापर्यंतची वाट बांधाबांधावरून आणि ओढ्याकाठून होती. तेव्हा त्या वर्षीचा कंदील केवळ शोभेचा राहिला नव्हता. तो मीच करावा, असे बाबांनी ठरविले.

मला वाटले, यात अवघड ते काय? मी कोणालाही न विचारता कामट्या जमविल्या. कोणती लांब, कोणती आखूड, हे पाहिले नाही. पिठाची खळ घाईने शिजविली. तिच्यात गाठी राहिल्या. लाल, हिरवे आणि जांभळे ताव चिकटवून संध्याकाळपर्यंत कंदील उभा केला आणि वाळण्यासाठी तो अंगणातच ठेवून निजलो. रात्री अवचित पावसाची सर आली. सकाळी पाहतो तो कागद फाटून लोंबत आहेत, रंग एकमेकांत मिसळले आहेत आणि सांगाडा एका अंगाला कलला आहे. बाबांनी आणून दिलेले बहुतेक ताव त्यात संपले होते. धाकटी बहीण रडकुंडीला आली. मीही मान खाली घालून बसलो.

आजोबा ओटीवर बसले होते. त्यांची दृष्टी मंदावली होती. त्यांनी सांगाडा मागवून घेतला आणि प्रत्येक कामटीवरून बोटे फिरविली.

"बाळ, हा पावसाने बिघडला नाही," ते म्हणाले, "पावसाने फक्त कागद नेला. हा आधीच वाकडा होता. अजून चार दिवस आहेत. पुन्हा करू या. डोळे तुझे आणि बोटे माझी!"

मग खरे काम सुरू झाले. त्यांनी सांगितलेला क्रम मी तुम्हांलाही सांगतो.

प्रथम बांबू निवडावा. तो अगदी कोरडा नसावा. कोरडी कामटी वाकविताच मोडते. बांबूच्या दोन गाठींमधील पेर घ्यावे. त्यात गाठ नसल्यामुळे ते सरळ चिरले जाते. चिरण्याचे काम कोयत्याने करावयाचे असल्यामुळे ते घरातील मोठ्या माणसाकडे द्यावे. २० सेंटिमीटर लांबीच्या २४ कामट्या तयार कराव्यात. त्या तासून गुळगुळीत कराव्यात, म्हणजे बोटांत कुसळ जात नाही. शिवाय ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन कामट्या वेगळ्या ठेवाव्यात.

चार-चार कामट्यांची टोके सुती दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. चौकोन बरोबर झाला की नाही, हे ओळखण्याची युक्ती आजोबांनी दाखविली. एक दोरा घेऊन समोरासमोरच्या कोपऱ्यांतील अंतर मोजावे. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांतील अंतर त्याच दोऱ्याने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी भरली, तर चौकोन सरळ आहे. नाही तर तो कलला आहे. माझ्या सहांपैकी दोन चौकोन कललेले निघाले. मी म्हणालो, "आजोबा, थोडाच तर फरक आहे."

"आता थोडा आहे. सहा चौकोन जोडलेस की तो सगळीकडे दिसेल," ते म्हणाले. मी गाठी सोडून ते दोन्ही पुन्हा बांधले.

आता चार चौकोन टोकांवर उभे करून, कोपऱ्याला कोपरा बांधून त्यांचे कडे करावे. या चौघांची वरची टोके पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना आणि खालची टोके सहाव्याच्या चार कोपऱ्यांना बांधावीत. झाला सांगाडा! येथे एक गंमत पाहा. सहा चौकोनांचे मिळून २४ कोपरे होतात. प्रत्येक सांध्यात दोन कोपरे एकत्र येतात, म्हणून सांधे १२ होतात. आणि आपण एकही त्रिकोण बांधलेला नसताना चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. बहिणीने ते मोजले आणि तिला हसू फुटले.

लांब ठेवलेल्या दोन कामट्या खालच्या चौकोनात फुलीसारख्या बांधाव्यात. त्यांच्या मध्यावर पत्र्याचे लहान झाकण तारेने पक्के करावे. पणती ठेवण्याची जागा ती.

नुसता सांगाडा हाताने दाबला तर डुलतो. त्याने घाबरून जाऊ नये. कागद चिकटून वाळला की तो ताठ होतो. खळ करताना पीठ आधी थंड पाण्यात कालवावे आणि मग मंद आचेवर ढवळीत शिजवावे, म्हणजे गाठी होत नाहीत. खळ पातळ लावावी. ओला कागद प्रथम सैल दिसतो. वाळताना तो आक्रसतो आणि ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जातो. बाजूंचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण, असे १२ भाग कागदाने मढवावेत. वरचा आणि खालचा चौकोन मात्र उघडाच ठेवावा.

"वरून उघडा ठेवला तर दिवा विझणार नाही का?" मी विचारले.

"मिटलास तर विझेल," आजोबा म्हणाले. ज्योतीमुळे तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. जळण्यास लागणारा प्राणवायू ज्योतीला असा मिळतो. दोन्ही तोंडे बंद केली तर ज्योत काजळी धरते आणि मालवते.

कागदाचा प्रश्न उरलाच होता. घरात पांढरे ताव तेवढे होते. बहिणीने आपल्या फाटक्या पतंगाचा लाल कागद आणून दिला. चार चौकोन पांढरे, वरचे चार त्रिकोण पांढरे आणि खालचे चार लाल, असा कंदील मढला. उरलेल्या तुकड्यांच्या झिरमिळ्या कापून खालच्या कोपऱ्यांना लावल्या. दुकानातल्या कंदिलासारखा तो रंगीबेरंगी नव्हता आणि मी जरा हिरमुसलो होतो.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पणतीत तेल घालून आम्ही कंदील उंच काठीवर चढविला. मी ओटीवर बसून खिंडीकडे पाहत राहिलो. गाडीची वेळ टळून गेली. आईने दोनदा बाहेर येऊन पाहिले. बाबा कंदील हाती घेऊन निघणार, तोच बांधावरून हाक आली, "आई!"

दादाने अंगणात पाऊल टाकताच मी विचारले, "दादा, तुला कंदील दिसला का?"

"दिसला का म्हणजे? खिंडीत गाडीतून उतरलो आणि समोर आपलाच दिवा! दुसरे कंदील लाल-जांभळे ठिपके दिसत होते. हा एकटा पांढरा. ओढ्याची वाटसुद्धा त्याच्याच रोखाने धरली."

गडद रंगाचा कागद पुष्कळ प्रकाश अडवून धरतो, पातळ पांढरा त्या मानाने थोडा अडवितो, हे मी पुढे शाळेत शिकलो. त्या रात्री मला एवढेच कळले, की दादा घरी आला होता. आजोबांनी कंदील खाली उतरवावयास सांगितला आणि त्याचे सांधे पुन्हा एकदा चाचपून पाहिले. "आता बरोबर आहे," ते म्हणाले.

आज गावोगावी वीज आहे. बाजारात तऱ्हेतऱ्हेचे कंदील मिळतात. त्यांतील प्लॅस्टिकचे कंदील सण संपल्यावर कचऱ्यात पडतात आणि मातीत मिसळून जात नाहीत. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. बांबू, कागद आणि खळ यांचा कंदील मात्र मातीतून आला आणि मातीत मिळाला, असे होते. त्याचा सांगाडा जपून ठेवला तर पुढील वर्षी नुसता कागद बदलून तोच कंदील पुन्हा लावता येतो.

मुलांनो, येत्या दिवाळीत तुम्हीही घरी आकाशकंदील करून पाहा. पणतीऐवजी विजेचा लहान दिवा वापरलात तर आगीचे भय राहणार नाही. पहिला कंदील वाकडा झाला तर खुशाल गाठी सोडा आणि पुन्हा बांधा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना जवळ बसवून घ्या. त्यांच्या बोटांना ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी पुस्तकांत लिहिलेल्या नसतात.

शब्दार्थ

कामटी – बांबूची चिरून काढलेली पातळ पट्टी. पेर – बांबूच्या दोन गाठींमधील भाग. खळ – पीठ शिजवून केलेला चिकट लगदा. ताव – कागदाचा मोठा अखंड तुकडा. आक्रसणे – आकाराने लहान होणे. झिरमिळ्या – शोभेसाठी लावलेल्या कागदाच्या लोंबत्या पट्ट्या. मालवणे – विझणे. हिरमुसणे – मनातून खट्टू होणे.

स्वाध्याय

१. त्या वर्षीचा कंदील केवळ शोभेचा नव्हता, असे लेखकाने का म्हटले आहे?

२. लेखकाचा पहिला कंदील कोणकोणत्या चुकांमुळे बिघडला?

३. "पावसाने फक्त कागद नेला," या आजोबांच्या बोलण्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. कारणे द्या : (अ) कामट्यांसाठी बांबूचे पेर घ्यावे. (आ) कंदिलाची वरची व खालची बाजू उघडी ठेवावी. (इ) दादाला आपल्या घरचा कंदील दुरून ओळखता आला.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : चाहूल लागणे, रडकुंडीला येणे, रोख धरणे.

६. सहा काड्यांचे किंवा कागदाचे चौकोन करून ते पाठात सांगितल्याप्रमाणे जोडा आणि सांधे व त्रिकोण मोजून पाहा.

७. तुमच्या घरी सणासाठी हाताने केल्या जाणाऱ्या एका वस्तूची कृती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून क्रमवार लिहा.