एका पाण्याला पुरेल असा दिवा

अगं, रात्री समुद्रावर मासे गरवायला जायचं ठरवलंस हे ऐकून खूप बरं वाटलं. गळ, तंगूस, शिसं यांबद्दल सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. कपाळावरच्या बॅटरीबद्दल मात्र कुणी धड बोलत नाही. दुकानात गेलीस की सगळ्यांत लख्ख पेटणारी हेडटॉर्च पुढे येईल. ती घेऊ नकोस, हे आधीच सांगून ठेवते.

गरवताना उजेड लागतो तो मोजक्या कामांना. किनाऱ्यावरच्या खडकाळ खडपावरून चालताना, आमिष लावताना, गाठ मारताना आणि लागलेला मासा सोडवताना. बाकीचा सगळा वेळ तू काळोखात बसणार, आणि तो काळोख तुझ्या कामाचा असतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. ती झाली की फुटणाऱ्या लाटेची पांढरी कड दिसते, खडपाचा काठ कळतो, काठीचं टोक हललं तरी लक्षात येतं. पांढरा झोत क्षणभर डोळ्यांवर आला की सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून बसा. लाल उजेडाचं तसं नाही. अंधारात बघताना डोळ्यांतल्या ज्या पेशी कामाला येतात, त्यांना लाल रंग फारसा जाणवतच नाही. मंद लाल दिव्यात आमिष लावून घेतलंस तरी नजर शाबूत राहते.

म्हणून लाल दिवा हवाच. पण तो नुसता असून भागत नाही. काही टॉर्चमध्ये बटण दाबलं की आधी मोठा पांढरा, मग छोटा पांढरा, मग लुकलुकणारा आणि शेवटी लाल लागतो. अशा दिव्याचा काय उपयोग? लालपर्यंत पोचेस्तोवर डोळे दिपलेलेच. लाल दिवा थेट लागला पाहिजे, वेगळ्या बटणाने म्हण किंवा तेच बटण दाबून धरून म्हण. दुकानात उभं राहून हे करून बघ, लाजू नकोस. ओल्या, आमिषाने बुळबुळीत झालेल्या बोटांनाही ते बटण सापडेल ना, तेही चाचपून घे.

लालची एक खोडही सांगते. त्या उजेडात लाल रंग ओळखूच येत नाही. लालसर तांबोशी हातात असली तरी ती फिकट, राखाडी दिसते, आणि बोट कापून रक्त आलं तरी पटकन कळत नाही. मासा सोडवताना मंद पांढराच लाव. विशेषतः शिंगाळा लागला असेल तेव्हा. त्याचे तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांमागच्या परांना. पकडला की तो ते ताठ उभे करतो. काट्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, वर विषारी बुळबुळ. टोचला तर हात रात्रभर ठणकतो. आधी उजेडात तिन्ही काटे नीट बघायचे, मग फडक्याने धरायचं, मगच पकडीने गळ काढायचा. दोन्ही हात मोकळे असतील तरच हे जमतं. हातातल्या बॅटरीने किंवा दातांत धरलेल्या मोबाईलने हे काम करायला जाऊ नकोस.

आता लुमेनचं. खोक्यावर जितका मोठा आकडा तितकी टॉर्च चांगली, असं समजू नकोस. घरातला 9 वॉटचा एलईडी बल्ब साधारण 800-900 लुमेन उजेड देतो. म्हणजे तीन बारीक सेलांवर चालणारी टॉर्च दहा हजार लुमेन सांगत असेल, तर तो आकडा खोटा आहे. गाठ मारायला 20-30 लुमेन खूप झाले, खडपावरून चालायला 150-200 पुष्कळ. उलट सगळ्यांत मंद पायरी किती मंद आहे ते विचार. हातभर अंतरावरच्या गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवायचा असतो. तिथे प्रखर झोत पडला की तंगूस नुसता चमकतो आणि नेढं दिसेनासं होतं. जवळच्या कामाला पसरट, मऊ उजेड हवा.

तासांच्या आकड्यातही गोम असते. खोक्यावर 300 लुमेन आणि 100 तास शेजारी शेजारी छापलेले असतात. तीनशे लुमेन मोठ्या पायरीवरचे असतात आणि शंभर तास सगळ्यांत मंद पायरीवरचे. शिवाय प्रचलित मोजणीत उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा वेळ धरतात, म्हणजे शेवटच्या तासांना मिणमिणताच दिवा असतो. तू हिशोब पाण्याचा कर. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास जातात. मधल्या पायरीवर तेवढा वेळ जी टॉर्च नीट जळेल, ती तुला एका पाण्याला पुरेल. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. हा अदमास झाला. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघ.

सेल की चार्जिंग? माझं मत सरळ आहे, रिमोटमध्ये घालतो ते बारीक सेल. गावच्या कुठल्याही टपरीवर मिळतात, आणि सुके तीन सेल पिशवीत टाकले की मध्यरात्रीही दिवा पुन्हा पहिल्यासारखा. चार्जिंगची घेतलीस तर पिनेवरचं रबरी झाकण घट्ट बसतं का ते बघ, खारं पाणी तिथूनच आत शिरतं. स्वस्तातल्या लिथियम सेलवर 9900 एमएएच छापलेलं दिसलं तर लांबच राहा. तेवढ्याच मापाच्या चांगल्या सेलची ताकद साडेतीन-चार हजारांच्या पुढे जात नाही. पाण्याचं म्हणशील तर आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे सोसणार. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणार. खडपावर लाट अंगावर येते, तेव्हा दुसरी मिळाली तर तीच घे. घरी आलीस की आधी झाकण घट्ट लावून गोड्या पाण्याने धू, पूस, मग सेल काढून उघडी वाळत ठेव. मिठाने आतल्या स्प्रिंगवर हिरवट खपली धरली की चांगली टॉर्चही बंद पडते.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे समोरच्या खळग्यांच्या सावल्याच दिसत नाहीत. सगळं खडप सपाट भासतं, आणि पाय नेमका शेवाळावर नाहीतर कालवांच्या धारेवर पडतो. चालताना टॉर्च काढून हातात घे आणि कमरेच्या खाली धर. लगेच सावल्या लांब पडतात, खळगा खळग्यासारखा दिसतो. पावसाच्या बुरंगाटातही हेच कर, नाहीतर थेंबच डोळ्यांपुढे चमकत राहतात. म्हणून पट्टा सहज निघणारा हवा आणि दिवा खाली वाकणारा.

झोत पाण्यावर फिरवू नकोस. उथळ पाण्यातले मासे बुजतात. शिवाय एलईडीच्या झोतात मासे गोळा करून ओढून नेणाऱ्या बोटींनी आपल्या किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार गांजलेले आहेत. केंद्र सरकारने 2017 मध्ये त्या मासेमारीवर बंदी घातली, तरी भांडण मिटलेलं नाही. तुझ्या कपाळावरच्या दिव्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण रात्री समुद्रावर झोत मारत बसलेलं कुणालाच आवडत नाही. कधी होडीतून गेलीस तर लाल दिवा बाहेर तोंड करून लावू नकोस. होडीच्या डाव्या अंगाची खूण लाल दिव्याचीच असते, समोरून येणारा गोंधळतो.

तेव्हा साधी, हलकी, बारीक सेलांची, थेट लाल लागणारी टॉर्च घे. उरलेल्या पैशांत तसलीच दुसरी घेऊन खिशात ठेव, कारण पहिली पाण्यात पडली तर परतीची वाट तिच्यावरच चालायची आहे. आणि एकटी जाऊ नकोस. सोबतीला कुणीतरी ने, कुठल्या खडपावर बसणार आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून जा.