हातमागावरचा पंचा

आमच्या जवळा बाजारच्या शिवारात कापूस पिकतो. अंग पुसायचा पंचा मात्र आपण दुकानातून आणतो. तो मागावर कसा उतरतो? ताण्याच्या सुताला आधी खळ द्यावी लागते, नाहीतर फणीच्या घर्षणाने ते तुटते. पायाने पावडी दाबली की एकाआड एक धागे उचलले जातात आणि त्या फटीतून धोटा बाणा टाकीत जातो. नवा पंचा पाणी शोषत नाही, अशी घरोघरी तक्रार. हा दोष विणकराचा नव्हे, बव्हंशी खळीचा. काही धुण्यांत तो जातो. १९८५ च्या कायद्याखाली ठरावीक प्रकारचे टॉवेल, गमछे हातमागासाठी राखून ठेवले गेले. परंतु हा पंचा हातमागाचा की यंत्रमागाचा, असे दुकानात विचारतो कोण? मी तरी अजून कुणाला ऐकले नाही.