वनस्पतींच्या अर्काची परीक्षा आणि शेतकऱ्याचें हित

औषधी वनस्पतींच्या लागवडीकडे आमच्या शेतकरी बंधूंचें लक्ष वळूं लागलें आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ‘अमुक वनस्पति कर्करोगनाशक असल्याचें प्रयोगशाळेंत सिद्ध झालें’ एवढें वाचून जो एकदम पांच एकर जमीन गुंतवितो, त्यानें ‘सिद्ध झालें’ म्हणजे नेमकें काय झालें, हें आधीं समजून घेणें अगत्याचें आहे. त्या परीक्षेचें स्वरूप प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पाला, साल किंवा मूळ सावलींत वाळवून त्याची भुकटी करितात व ती पाण्यांत किंवा अल्कोहोलांत भिजत ठेवून गाळून घेतात. नंतर द्रव उडवून लावला म्हणजे मागें राहतो तो अर्क. पाण्यांत उतरणारीं द्रव्यें निराळीं व अल्कोहोलांत उतरणारीं निराळीं. म्हणून एकाच पाल्याचे दोन अर्क भिन्न गुण दाखवितात.

पहिली परीक्षा अँटिऑक्सिडंट गुणाची, म्हणजे प्राणवायूच्या क्रियेनें उत्पन्न होणाऱ्या अपायकारक कणांस निष्क्रिय करण्याच्या गुणाची. डीपीपीएच नांवाच्या द्रव्याचें जांभळें द्रावण अर्कानें पिवळें पडतें कीं नाहीं, हें पाहून क जीवनसत्त्वाशीं तुलना करितात. आवळा, हिरडा, किंबहुना नेहमींचा चहाही या परीक्षेंत चांगला उतरतो. तेव्हां एवढ्यावरून कोणतीही वनस्पति औषध ठरत नाहीं.

दुसरी परीक्षा जंतुनाशक गुणाची. कांचेच्या तबकडींत आगराच्या थरावर जंतु पेरून, त्यांत लहान खळगा पाडून अर्क घालितात. दुसऱ्या दिवशीं खळग्याभोंवतीं जंतु न उगवलेलें वर्तुळ दिसल्यास तें मिलिमीटरांत मोजितात. शेजारच्या खळग्यांत नुसतें अल्कोहोल घातलेंच पाहिजे; नाहीं तर जंतु अर्कानें मेले कीं अल्कोहोलानें, हें कळावयाचें नाहीं. खताचा गुण पाहण्यास शेजारीं बिनखताचा वाफा लागतो, त्यांतलाच हा प्रकार होय.

तिसरी परीक्षा कर्करोगाच्या पेशींवरची. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या मानवी पेशींत अर्क मिसळून दोन-तीन दिवसांनीं एमटीटी नांवाचें पिवळें द्रव्य घालितात. जिवंत पेशी त्यास जांभळें करितात, मेलेल्या करीत नाहींत. एका मिलिलिटरांत २०-३० मायक्रोग्रॅम अर्कानें निम्म्या पेशी मेल्या, तर तो पुढील अभ्यासास योग्य मानितात. शेंकडों मायक्रोग्रॅम लागल्यास त्यास विशेष किंमत नाहीं. निरोगी पेशींवरही तोच प्रयोग करावा लागतो, कारण दोन्ही सारख्याच मारणारें द्रव्य विषच होय. तबकडींतील पेशी साबणाच्या पाण्यानेंही मरतात, हें विसरूं नये.

परीक्षेनें काय साधतें, याचें उत्तम उदाहरण आमच्या अंगणांतील सदाफुलीचें आहे. जमैका बेटावर मधुमेहासाठीं वापरांत असलेलीं तिचीं पानें कॅनडांत पोंचलीं. तेथील वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठांत रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनीं त्यांचा अर्क उंदरांवर तपासिला. मधुमेहाचा गुण दिसला नाहीं. परंतु रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें कमी झाल्या. त्या धाग्यावरून व्हिन्ब्लास्टीन हें द्रव्य १९५८ सालीं उजेडांत आलें. पुढें याच झाडांतून व्हिन्क्रिस्टीन मिळालें. १९६३ सालीं मान्यता पावलेलें हें औषध मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. मात्र हीं द्रव्यें पानांत अत्यल्प असतात, व शुद्ध करून, मोजक्या मिलिग्रॅमांत, शिरेंतून, डॉक्टरांच्या देखरेखीखालींच दिलीं जातात. म्हणून कोणीं सदाफुलीचा काढा घेऊं नये, व रुग्णालयाचा उपचार सोडून पाल्यावर तर मुळींच विसंबूं नये. त्यांत जिवाशीं गांठ आहे.

तबकडीपासून औषधापर्यंतची वाट फार लांब असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९६० ते १९८१ या काळांत एक लाखाहून अधिक वनस्पतिअर्क तपासिले. त्यांतून निघालेलीं औषधें बोटांवर मोजण्याइतकींच. पॅसिफिक यू या झाडाची साल १९६२ सालीं गोळा केली गेली. तिच्यापासूनचें टॅक्सॉल मान्य होण्यास १९९२ साल उजाडलें.

तेव्हां लागवडीपूर्वीं पुढील गोष्टी विचारून घ्याव्या :

१. वनस्पतीचें शास्त्रीय नांव कोणतें? एकच देशी नांव दोन-तीन झाडांस असतें. फुला-फळांसह नमुना वनस्पतिशास्त्रज्ञांस दाखवून ओळख पक्की करावी.

२. कोणता भाग, कोणत्या हंगामांत काढलेला, कशांत भिजवून तपासला? उन्हांत करपलेला किंवा बुरशी आलेला माल तोच गुण देईल असें नाहीं.

३. परीक्षा कोणत्या पायरीची? तबकडीवरची, प्राण्यांवरची, कीं रोग्यांवरची?

४. माल कोण घेणार, किती व कोणत्या भावानें? हें लेखी असावें.

या चार प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळेपर्यंत बांधावरच्या चार-दोन वाफ्यांपलीकडे जाऊं नये, आणि कर्ज काढून तर या मार्गास लागूंच नये, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.