ठोका ओळखणारा दिवा

सोलापुरात गणपतीची मिरवणूक म्हटली की हलगी आणि लेझीम आलीच. अलीकडे मांडवातील दिवे आणि पडद्यावरील रंगीत चित्रेही वाद्यांच्या तालावर नाचताना दिसतात. काही ठिकाणी हा नाच आधीच ठरवून ठेवलेला असतो. तो येथे आपला विषय नव्हे. वाजविणारा आयत्या वेळी लय वाढवितो आणि दिवाही त्याच्याबरोबर धावू लागतो, हे कसे साधते ते पाहू. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये स्क्र्याबिन या रशियन संगीतकाराची रचना रंगीत प्रकाशासह सादर झाली, तेव्हा प्रकाशाच्या पट्ट्या माणूसच दाबत होता. त्या माणसाच्या जागी आता यंत्र बसवावयाचे आहे.

मायक्रोफोन हवेच्या दाबातील बदलांचे विद्युत्दाबात रूपांतर करतो. संगणक हा विद्युत्दाब सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो. यांपैकी लागोपाठच्या १,०२४ आकड्यांचा एक गट केला, तर तो सुमारे ०.०२३ सेकंदाचा होतो. गटातील प्रत्येक आकड्याचा वर्ग करून बेरीज घेतली की त्या क्षणापुरती ध्वनीची ऊर्जा कळते. आता मागील एका सेकंदातील, म्हणजे सुमारे ४३ गटांच्या, ऊर्जेची सरासरी काढा. ताज्या गटाची ऊर्जा सरासरीच्या दीडपट झाली की ठोका पडला असे समजून दिवा लावावयाचा. युक्ती एवढीच.

येथे एक समज तपासून पाहण्याजोगा आहे. आवाज जितका मोठा तितके दिवे चांगले नाचतात, असे मंडळाचे कार्यकर्ते सांगतात. समजा, सरासरी ऊर्जा ४० आणि ठोक्याची १०० आहे, गुणोत्तर २.५ झाले. आवाज वाढवून दोन्ही चौपट केल्या, तर १६० आणि ४००; गुणोत्तर तेच! उलट, ध्वनिवर्धक त्याच्या मर्यादेबाहेर ताणला की लहरींचे शेंडे कापले जातात. ठोक्याची ऊर्जा ४०० ऐवजी २०० वरच अडते, आणि सरासरी मात्र, समजा, १५० पर्यंतच उतरते. गुणोत्तर १.३३ राहते आणि दिवा ठोका चुकवितो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. दिव्यासाठी ती ओलांडण्याची काडीचीही गरज नाही.

खरी अडचण पुढेच आहे. गायकाने तान घेतली तरी ऊर्जा वाढते. म्हणून ध्वनी वेगवेगळ्या कंप्रतांच्या पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्टीची ऊर्जा स्वतंत्र मोजतात. पाश्चात्त्य नाचाच्या संगीतात मोठ्या ढोलाची, सुमारे १५० हर्ट्‌झखालील पट्टी पुरते. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. हलगीचा आवाज चढा. शेकोटीवर धरून कातडे ताणले की तो आणखी चढतो. लेझमांचे तर विचारूच नका. पन्नास मुलांच्या पन्नास लेझमा एकाच क्षणी कधी वाजत नाहीत, त्यामुळे ठोका पसरट होतो.

भजनात नेहमी ऐकू येणारा केरवा घ्या: धा गे ना ती, न क धि न. आठ मात्रांपैकी डग्ग्याचा घुमारा फक्त धा, गे आणि धि या बोलांत आहे. म्हणजे खालची पट्टी ऐकणारा दिवा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पेटेल. पाचवी मात्रा ही खाली. तेथे डग्गा मुद्दामच गप्प असतो. श्रोता तेथेही हात हलवितो, यंत्र मात्र अंधारात! मोठा आवाज म्हणजे ताल नव्हे, हे आपल्या संगीताने फार पूर्वी ओळखले आहे.

यावर उपाय असा. आठ मात्रांना दोन सेकंद लागत असतील, तर डग्ग्याचे ठोके ०, ०.२५, १.५, २, २.२५, ३.५ अशा वेळी पडतील. हे आकडे एका पारदर्शक कागदाच्या पट्टीवर खुणा करून लिहा, तशीच दुसरी पट्टी करा आणि ती पहिलीवर हळूहळू सरकवा. पाव सेकंद सरकविल्यास काहीच खुणा जुळतील. दोन सेकंद सरकविल्यास, कडेच्या सोडून, सगळ्या जुळतील. यंत्र हेच गणित करते आणि आवर्तन दोन सेकंदांचे आहे हे शोधते. इतर पट्ट्यांतील तबल्याच्या चाटीवरून मात्रा पाव सेकंदाची हे कळते. मग खालीवरही दिवा लावता येतो, कारण आता तो नुसता ऐकत नसून पुढचा ठोका आधीच ताडतो. मात्र नोंद किती मागची ठेवावी, हा तारतम्याचा प्रश्न आहे. दहा सेकंदांची ठेवली तर हलगीवाल्याने लय दुप्पट केल्यावर दिवा रेंगाळतो. एकाच सेकंदाची ठेवली तर आवर्तनच सापडत नाही.

प्रत्येक मात्रेवर झगझगीत दिवा उडवूही नये. सेकंदाला तीनपेक्षा अधिक लखलखाट अपस्मार असलेल्या काही मुलांना बाधू शकतात. समेवर तेज आणि इतर मात्रांवर मंद रंग, ही रचना डोळ्यांनाही बरी वाटते.

प्रयोग करावयाचा तर मोबाइलवर केरव्याचे ध्वनिमुद्रण करून ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत लहरींचे चित्र पाहा. दिवा सहा व्होल्टचाच घ्या. घरातील विजेशी जोडणी करू नका.

शेवटी एक उदाहरण सोडवा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. वरील लयीतला केरवा चालू आहे आणि दिवा व्यासपीठावर बरोबर ‘धा’वर पेटतो. ८५ मीटर दूर उभ्या असलेल्या मुलाला तो कोणत्या बोलावर पेटलेला दिसेल?