हरण्याचा खेळ

खेळ म्हटला की जय आणि पराजय ओघानेच आले. परंतु ज्या खेळात जय ठेवलेलाच नाही, जो कितीही खेळला तरी शेवटी हरावयाचेच आहे, असा खेळ माणूस पदरचे पैसे घालून पुनःपुन्हा का खेळतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका जुन्या व्हिडिओ गेमची रचना पाहू.

१९८२ साली अमेरिकेतील विल्यम्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘रोबोट्रॉन: २०८४’ हा नाणे टाकून खेळण्याचा खेळ बाजारात आणला. युजीन जार्व्हिस आणि लॅरी डीमार हे त्याचे रचनाकार. कथा दोन वाक्यांची. सन २०८४ मध्ये माणसानेच घडविलेले यंत्रमानव माणसांवर उलटले आहेत. उरलेल्या शेवटच्या कुटुंबातील आई, वडील व मुलगा यांना खेळाडूने वाचवावयाचे आहे.

खेळाचे वैशिष्ट्य त्याच्या दोन दांड्यांत, म्हणजे जॉयस्टिकमध्ये आहे. डाव्या दांडीने चालावयाचे, उजवीने गोळ्या झाडावयाच्या. बटण दाबावे लागत नाही. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये तोफ फक्त डावीउजवीकडे सरके आणि गोळी सरळ वर जाई. १९८० च्या ‘बर्झर्क’मध्ये गोळी झाडताना थांबावे लागे. जार्व्हिस यांच्या उजव्या हाताला मोटार अपघातात दुखापत झाली होती. प्लास्टरमधल्या त्या हाताला बटण दाबणे जमेना, आणि त्या अडचणीतूनच दुसऱ्या दांडीची कल्पना पुढे आली. चालण्याच्या आठ दिशा आणि झाडण्याच्या आठ, म्हणजे चौसष्ट जोड्या झाल्या. एका दिशेला पळता पळता दुसऱ्याच दिशेचा शत्रू टिपता येऊ लागला. हे शिकायला मिनिटभर पुरते. हात मुरायला मात्र महिने लागतात.

एवढे स्वातंत्र्य हाती देऊन रचनाकारांनी खेळाडूला उभे केले ते थेट चक्रव्यूहात. प्रत्येक फेरीच्या आरंभी तो पडद्याच्या मधोमध असतो आणि शत्रू चहूबाजूंनी. आडोसा नाही. ‘ग्रंट’ नावाचे साधे यंत्रमानव सरळ अंगावर चालून येतात आणि वेळ जाईल तसा त्यांचा वेग वाढतो. ‘हल्क’ गोळीने मरत नाही, केवळ मागे रेटला जातो. ‘ब्रेन’ माणसांना पकडून त्यांनाच शत्रू बनवितो. अभिमन्यूला निदान व्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक होती. इथे शिरण्याचाही प्रश्न नाही आणि सुटकेचाही. एक फेरी संपली की दुसरी उभी राहते.

मग गोडी कशात आहे? माझ्या मते ती खेळाडूपुढे पडणाऱ्या पेचात आहे. एका फेरीत पहिल्या माणसाला वाचविल्यास १००० गुण, दुसऱ्यास २०००, असे पाचव्यापर्यंत ५००० होतात. पुढच्या फेरीत पुन्हा १००० पासून आरंभ. साधा ग्रंट मारल्यास मात्र १०० च गुण मिळतात. म्हणजे लाभ मारण्यापेक्षा वाचविण्यात आहे. परंतु हल्क सोडून बाकीचे शत्रू संपले की फेरीही संपते आणि न वाचविलेल्यांचे गुण बुडतात. म्हणून जाणता खेळाडू एखादा ग्रंट मुद्दाम जिवंत ठेवतो आणि त्याला हुलकावण्या देत माणसे गोळा करतो. जीव वाचवावा की माणूस, हा निर्णय त्याला क्षणाक्षणाला घ्यावा लागतो.

इथे व्यापाराचाही भाग आहे. यंत्राच्या मालकाला मिळकत हवी, म्हणजे खेळाडू लवकर मरावयास हवा. पण आपण फसविले गेलो असे वाटले तर तो दुसरे नाणे टाकणार नाही. म्हणून मरण लवकर यावे, मात्र त्याचा दोष खेळाडूला स्वतःकडे दिसावा, अशी रचना करावी लागते. रोबोट्रॉनमध्ये सारे रणांगण एकाच पडद्यावर उघडे असते. पडद्याबाहेर काही दडलेले नसते. प्रत्येक शत्रूचा स्वभाव ठरलेला असतो. म्हणून हरलेला माणूस यंत्राला शिव्या देण्याऐवजी “मी त्या कोपऱ्यात जायला नको होते” असे म्हणतो. या वाक्यातच पुढच्या डावाचे बीज असते.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडले की आव्हान कौशल्यापेक्षा फार मोठे झाले तर चिंता वाटते, फार लहान झाले तर कंटाळा येतो. दोन्ही तोलास तोल असली की माणूस कामात रंगून जातो. रोबोट्रॉनच्या चढत्या फेऱ्या प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या कुवतीच्या काठावर नेऊन उभे करतात. ही जात नाण्यांबरोबर संपली नाही. २००५ साली ‘जॉमेट्री वॉर्स: रेट्रो इव्हॉल्व्ह्ड’ने दोन दांड्यांचा हाच डाव घरोघरच्या यंत्रांवर आणला.

अशा खेळाने बोटे आणि नजर तयार होते. त्याहून मोठी विद्या त्यात शोधू नये. पण कठीण ते सारेच नकोसे असते, हा आपला समज मात्र तो खोडून काढतो. गणिताचे अवघड उदाहरण चुकले आणि चूक कोणत्या पायरीवर झाली हे दिसले, तर विद्यार्थी पुन्हा वही उघडतो. चूक का ठरली हेच कळले नाही, तर वही मिटतो. माणसाला पराभव सोसतो. त्याचे कारण कळले नाही, तर मात्र तो खेळ सोडून उठतो.